डीएनएची नक्कल होते, झेरॉक्स होते की तो दुणावतो?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. दहावीतल्या मुलीने सराव परीक्षेत लिहिले, ‘पेशी विभागण्याआधी डीएनएचे प्रतिलेखन होते.’ बाईंनी चूक दिली. मुलीने विचारले, प्रतिलेखन म्हणजे पाहून उतरवणंच ना, मग चूक कशी? वर्गातली बाकीची पोरं सरळ ‘झेरॉक्स’ म्हणतात. बाईंना नेमका शब्द हवा आहे.

ताई, मुलीचं मराठी अगदी बरोबर आहे. घोटाळा शास्त्राने केलेल्या वाटणीचा आहे. ‘प्रतिलेखन’ हा शब्द पाठ्यपुस्तकाने दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला: डीएनएच्या एका भागावरून आरएनए तयार होणे. तिथे मजकूर तोच राहतो, पण थायमिन या रासायनिक अक्षराच्या जागी युरॅसिल येतो आणि आरएनए केंद्रकाबाहेर जाऊन प्रथिनं बनवण्याच्या कामी लागतो. मला विचाराल तर याला ‘उतारा’ म्हणायला हवं होतं. सातबाऱ्याचा उतारा काढतो तेव्हा दप्तर जागेवरच राहतं. आपल्या गटापुरता मजकूर तेवढा कागदावर हाती येतो. आरएनएचंही तसंच.

आता डीएनएचं स्वतःचं. ‘नक्कल’ हा मूळचा अरबी शब्द आपल्याकडे कचेरीतून रुळला. नक्कल काढली की अस्सल कागद जसाच्या तसा राहतो आणि नक्कल वेगळी होते. झेरॉक्समध्येही तेच. डीएनएत मात्र असं होत नाही. तिथे अस्सल आणि नक्कल असे दोन वेगळे रेणू उरतच नाहीत.

हे समजायला अंबाडीच्या वाखाचा दोर आठवा. पोळ्याआधी बैलांसाठी घरोघरी दोर वळले जायचे. दुपेडी दोराचा पीळ उलगडला, दोन पेड सुटे केले आणि प्रत्येक जुन्या पेडावर एकेक नवा पेड चढवला, तर दोर दोन होतील. पण दोन्हीत एक पेड जुना, एक नवा. डीएनएचं नेमकं हेच होतं. फरक इतकाच की दोराचे पेड एकसारखे असतात, डीएनएचे एकमेकांना पूरक असतात: ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. म्हणून एक पेड हाती असला की दुसरा कसा असायला हवा ते ठरलेलंच असतं. (‘स्ट्रँड’साठी ‘पेड’सारखा आयता शब्द घरात असताना आपण ‘धागा’ का म्हणत बसतो, कळत नाही.)

म्हणजे शब्दाचा हा वाद 1958 सालीच प्रयोगाने मिटलेला आहे. मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी जिवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर आणले आणि त्यांचा डीएनए जड-हलका असा पट्ट्यांत वेगळा करून पाहिला. झेरॉक्स खरी असती, तर एका पिढीनंतर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसायला हवे होते. दिसला एकच, मधल्या वजनाचा. प्रत्येक रेणू अर्धा जुना, अर्धा नवा.

‘प्रतिकृती’ परीक्षेत चालेल, पण ती पुतळ्याची किंवा किल्ल्याची असते. तो वस्तूचा शब्द आहे, घडण्याचा नाही. माझी पसंती ‘दुणावणे’ला. आनंद दुणावतो तेव्हा जुना आनंद एकीकडे आणि नवा दुसरीकडे नसतो. पेशी विभागण्याआधी डीएनए दुणावतो, एवढं म्हटलं की कुणालाही कळतं.

उतरवताना चुका होतातच. ऋद्धपूरसारख्या ठिकाणी महानुभावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या हाताने उतरवल्या, त्यात पाठभेद शिरले. पेशीतही पाठभेद शिरतात. मात्र पेड चढवणारं विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, मागे वळून तपासतं आणि चुकीचं अक्षर काढून टाकतं. त्यातूनही सुटलेल्या बहुतेक चुका दुरुस्ती करणारी इतर प्रथिनं निस्तरतात. शेवटी साधारण शंभर कोटी अक्षरांत एखादीच उरते. त्या उरलेल्या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात.

प्रयोगशाळेत ‘दुणावणे’ आणखी चपखल बसतो. शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांनी 1983 मध्ये पीसीआरची, म्हणजे नळीत डीएनए पुन्हा पुन्हा दुणवण्याची, युक्ती काढली, तिला 1993 चं नोबेल मिळालं. सुमारे 95 अंशांवर तापवून पेड सुटे करायचे, थंड करून प्रायमर (नवा पेड जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) चिकटू द्यायचे, 72 अंशांच्या आसपास नवे पेड चढू द्यायचे, पुन्हा तेच. एकाचे दोन, दोनाचे चार. प्रत्येक फेरी पुरती साधली, तर तीस फेऱ्यांत एकाचे 107 कोटींवर होतात. बियाण्यात बीटी जनुक आहे की नाही, हेही असंच शोधता येतं.

कोरोनात गावोगाव पोचलेल्या ‘आरटीपीसीआर’मध्ये तर दोन्ही शब्द शेजारी आहेत. विषाणूचं आरएनए आधी उलट प्रतिलेखनाने डीएनएत आणायचं, मग ते दुणवायचं. दोन्हीला एकच शब्द वापरला, तर ही चाचणी समजावताच येणार नाही. म्हणून ताई, मार्क देऊ नका; पण तिच्या वहीत ‘प्रतिलेखन’ खोडून ‘दुणावणे’ लिहा, आणि जमलं तर वर्गात एक दुपेडी दोर घेऊन जा.