दोन दिवसांच्या ट्रेकला जेवणासाठी कोणती भांडी न्यावीत?

रतनगड-हरिश्चंद्रगडासारखा मुक्कामी ट्रेक असेल तर माणशी एक खोलगट स्टीलची ताटली, एक मग आणि एक चमचा पुरे. काटा-सुरी घरीच ठेवा. आपलं ट्रेकचं जेवण म्हणजे खिचडी, मॅगी नाहीतर गावातलं पिठलं-भाकरी. भाकरीला हातच लागतो.

चमचा मात्र नीट निवडा. पातळ प्लॅस्टिकचा घट्ट खिचडीत मानेपाशी मोडतो. काट्याचे दात असलेला चमचा मॅगीला बरा, पण त्या फटींतून आमटी गळते, म्हणून मी साधा, लांब दांड्याचाच सुचवेन. तयार जेवणाच्या पाकिटातच गरम पाणी ओतून खायचं असेल तर तो तळापर्यंत पोचतो, बोटं बरबटत नाहीत. टायटॅनियम स्टीलपेक्षा बरंच हलकं, पण महाग. दोन दिवसांसाठी घरातला स्टीलचा चमचा उत्तम.

पिण्याचा मग शक्यतो एकपदरी स्टीलचा घ्या, त्यात थेट चुलीवर चहा उकळता येतो. दुपदरी मग कधीही आचेवर ठेवू नका, मधली कोंडलेली हवा तापून तो फुटू शकतो. ॲल्युमिनियमच्या मगाची कड ओठ भाजते.

भांडी चुलीतल्या राखेने घासा आणि खरकटं पाणी टाक्यापासून लांब ओता. गडावर टाक्यातलंच पाणी सगळे पितात.