काकाडूची शैलचित्रे पाहायला जाताना

प्रश्न : आम्ही दोघे जूनमध्ये मुलीकडे ऑस्ट्रेलियात डार्विनला जात असून काकाडू राष्ट्रीय उद्यानातील आदिवासींची प्राचीन शैलचित्रे पाहण्याची फार इच्छा आहे. नेमके कोठे जावे? या चित्रांचे वय कसे ठरवतात? तेथे फूल वाहिले किंवा हात लावून नमस्कार केला तर चालेल का? माझे गुडघे दुखतात, तेव्हा चालणे कितपत पडेल? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : जून हा तेथील कोरड्या हंगामाचा महिना असल्यामुळे आपण योग्य वेळी जात आहात, पावसाळ्यात उबिर या शैलचित्रांच्या स्थळाकडे जाणारा रस्ता पुराने बंदही होतो. डार्विनहून जबिरू गाव सुमारे 250 किलोमीटरवर आहे आणि तेथून उत्तरेस साधारण 40 किलोमीटरवर उबिर आहे. एकच ठिकाण पाहणे शक्य असेल तर मी उबिरच सुचवेन.

तेथील मुख्य कातळाच्या छायेत मासे, कासवे, घोरपडी एकमेकांवर चढवून रंगवलेल्या दिसतील. त्यांतील बारामुंडी मासा नीट पाहा, कारण हाच मासा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर जिताडा म्हणून ओळखला जातो. चित्रकाराने केवळ बाह्याकृती काढलेली नसून पाठीचा कणा आणि आतले अवयवही रेखाटले आहेत. मासा मारून, कापून, वाटून खाणाऱ्यांचे हे ज्ञान आहे, आणि इतक्या नेमकेपणाने ते भिंतीवर उतरलेले पाहून मला आजही अपार आदर वाटतो.

वयाचा प्रश्न मात्र अवघड आहे. तांबडा रंग लोहखनिजाचा, म्हणजे गेरूचा असतो. त्यात सेंद्रिय कार्बन नसल्यामुळे कार्बन-कालमापन थेट लागू पडत नाही. म्हणून अभ्यासक चित्रांतल्या प्राण्यांकडे वळतात. उबिरला उंचावर थायलसिन या पट्टेदार शिकारी प्राण्याचे चित्र आहे; तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे 3,000 वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे तो पाहिलेल्या माणसाची आठवण त्याहून अलीकडची असणे कठीण. हिमयुगानंतर समुद्र चढून येथवर आला तेव्हा खाडीतले मासे चित्रांत आले, पुढे गोड्या पाण्याची दलदल पसरली तेव्हा पाणथळीतले मॅगपाय हंस आले, आणि अगदी अलीकडच्या थरात खिशात हात घातलेला गोरा माणूसही आहे.

हे सांगण्याचे कारण असे की ही चित्रे केवळ भूतकाळाची नव्हेत. काकाडूतच दक्षिणेस बुरुंगकुय येथील कातळावर नाजोम्बोल्मी या चित्रकाराने 1960 च्या दशकात चित्रे रंगवली. जुन्यावर पुन्हा रंग चढवणे ही तेथील परंपराच होती. या भूमीचे पारंपरिक मालक असलेले बिनिंज आणि मुंगगुय लोक आजही उद्यानाच्या संयुक्त व्यवस्थापनात आहेत, आणि चित्रांतील कथा त्यांच्या कुटुंबांच्या आहेत.

म्हणूनच फूल, कुंकू, पाणी यांपैकी काहीही वाहू नये आणि कातळाला बोटही लावू नये; त्वचेवरील तेलानेसुद्धा रंगांची हानी होते. आपली भावना मी समजू शकतो, परंतु तेथील श्रद्धेची रीत तेथल्यांनी ठरवायची आहे. दूरवरून हात जोडण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. काही स्थळे पवित्र असल्याने पर्यटकांसाठी बंद ठेवलेली असतात, काही ठिकाणी छायाचित्रणास मनाई असते. तशी पाटी दिसली की ती निमूटपणे पाळावी, कारण विचारत बसू नये.

चालण्याची चिंता फारशी नको. उबिरची मुख्य फेरी सुमारे 1 किलोमीटरची आणि बहुतांशी सपाट आहे. नदाब या उंच कातळावर जाण्याचा चढ मात्र खडा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तो सोडून द्यावा, चित्रे खालीच आहेत. उद्यानाचा प्रवेशपरवाना आधीच काढून ठेवावा, पाणी भरपूर घ्यावे, आणि कोरड्या हंगामात वनरक्षकांची विनामूल्य माहिती-सत्रे असतात, त्यांचे वेळापत्रक जबिरूजवळच्या बोवाली केंद्रात विचारून त्या वेळेप्रमाणेच उबिरला पोहोचावे.