आधी आकडा सांग

जय ख्रिस्त.

परवा तलावपाळीवर तुझ्या हातातलं कणीस गार झालं तरी तू बोलत होतीस आणि मी नुसता हं हं करत बसलो, घरी आल्यावर स्वतःचाच राग आला म्हणून लिहितोय.

दादाने तुझ्या कार्डवरून पैसे घेऊन ऑनलाइन रमीत घालवले. आई म्हणते येशूने सांगितलंय, सत्तर वेळा सात क्षमा कर, विषय संपव. आईला म्हणावं, बायबलात मत्तय १८ मध्ये, किती वेळा क्षमा करायची हा पेत्राचा प्रश्न २१ व्या वचनात येतो, आधी १५ वं वाच. भावाकडे जा, एकांतात त्याचा अपराध त्याला दाखव. दाखव म्हटलंय, झाक नाही! लूक १७:३ तर अजून सरळ, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. हा 'तर' आपण सोयीने गिळतो.

आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो त्यात ऋणं आहेत, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे'. सोडायचं तर किती ते नको माहीत? आकडा सांग त्याला.

मी चर्चच्या मंडळीचा खजिनदार होतो तेव्हा पावतीपुस्तकात तीन पावत्यांच्या स्थळप्रती होत्या आणि पैसे नव्हते. घेतले कोणी तर माझ्याच मित्राने. मी खिशातून भरले, गप्प बसलो आणि वर वाटलं केवढी क्षमा केली. क्षमा कसली, मला भांडण नको होतं. दोन वर्षांनी त्याने एका विधवा बाईची भिशी बुडवली. तेव्हा मीटिंगमध्ये उभा राहून सगळं काढलं तर म्हणे आता कशाला, काही जण अजून माझा सलाम घेत नाहीत. न घेवोत. उशिरा का होईना, बोललो ना मी? बाकीचे तर तेही नाही. जाऊ दे.

जक्कय जकातदार, त्याला येशूने हिशोब विचारला नाही, त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला, तरी तो आपणहून उठून म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. आकडा सांगितला बघ त्याने. तुझ्या दादाचं नुसतं सॉरी सॉरी चाललंय.

आणि हो, मार्क ११:२५ मध्ये प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा एवढंच आहे, 'पश्चात्ताप केला तर' असं काही नाही, माहितीय मला. मनातला राग आजच सोड. पण कार्डचा पिन बदल, तोही आजच.

दादाने ऐकलं नाही तर मत्तय १८ चं १६ वं वचन आहेच, आणखी एकदोघांना घेऊन जा. मी रिटायर माणूस, कळव्याला यायला कितीसा वेळ लागतो. रविवारी उपासनेनंतर निघू, स्टेटमेंटची प्रिंट काढून ठेव.