आधी घरच्यांना विचार

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल दोनदा वाचला. स्मृती पुसत नेणारा अल्झायमर ओळखायला रक्तातलं पी-टाऊ २१७ हे प्रथिन मोजता येतं, पेट स्कॅनवर मेंदूत साठलेलं अमायलॉइड हे दुसरं प्रथिन दिसतं, मग प्रबंधाची वर्षं पेशंटच्या नातेवाइकांशी बोलण्यात का घालवू, असं विचारलंयस. टाऊ खुशाल मोज. पण आधी घरच्यांना विचार.

गिरगावातल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. एमएमएसईत, म्हणजे स्मरणशक्ती नि आकलन तपासायच्या छोट्या चाचणीत, ३० पैकी २९. शंभरातून सात-सात वजा करताना माझ्याही पुढे! सून दारापाशी थांबून म्हणाली, "आई हल्ली आमटीत दोनदा मीठ घालतात, सांगितलं तर चिडतात." बाहेर चाळीस पेशंट बसलेले. "वय झालंय," म्हणालो आणि पुढचा केसपेपर ओढला. दोन वर्षांनी बाई त्याच सुनेला 'तुम्ही कोणाकडच्या?' असं विचारत होत्या. शिकलेला माणूस चाचणीत बराच काळ निभावून नेतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत होतो, बरं का. निदान लवकर झालं असतं तरी तेव्हा औषध फारसं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण बँकेची कामं, सह्या, घरच्यांची तयारी? ते सगळं वेळेत झालं असतं.

याच्या उलट दादरची एक भाजीवाली. पेन्सिल कधी हातात धरली नव्हती, त्या चाचणीतला पंचकोन कुठून काढणार? कागदावर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, लागला. मुलाला विचारलं, तर सुट्ट्या पैशांचा हिशेब अजून तोंडी, चोख. आणि अमायलॉइडचं म्हणशील तर ते ठणठणीत म्हाताऱ्यांच्या मेंदूतही सापडतं. मग कुणाला आजारी म्हणणार आहेस?

ज्याच्या नावानं हा आजार ओळखतात त्या डॉक्टर अल्झायमरनं १९०६ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनला या आजाराची ती पहिली केस मांडली, हे तुला पाठ आहे. त्याचा १९०७चा लेख उघड. ५१ वर्षांच्या त्या बाईचं पहिलं लक्षण काय दिलंय? नवऱ्यावर संशय. मग विसरणं, स्वतःच्याच घरात वाट चुकणं. हे कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसलं? घरच्यांना विचारल्याशिवाय कळलं असतं?

माझे शोधनिबंध मोजकेच. बरोबरीचे विभागप्रमुख झाले, मी गप्पा मारत बसलो, असं म्हणतात. म्हणू देत.

मंगळवारी ओपीडीत ये. पेशंटला सिस्टरकडे वजनाला पाठव आणि तेवढ्यात सोबत आलेल्याला आत घे. पेशंटसमोर सून तोंड उघडत नाही.