शुगर आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ म्हणजे रिपोर्टप्रमाणे 'नॉर्मल' आहे. तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली. घ्यावी का? आणि शेंगा चटणी बंद करावी लागेल का?

तुमचा प्रश्न वाचला. मी डॉक्टर नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, शुगरला १४ वर्षं झाली. तुम्ही जे करायच्या विचारात दिसताय ते मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

२०१९ साली माझं एलडीएल १३१ होतं. गोळी सुरू केल्यावर दोन महिन्यांत ६६ वर आलं. आता झालं की नॉर्मल, उगाच कशाला, म्हणून बायकोला न सांगता गोळी बंद केली. पाच महिन्यांनी बघतो तर १२७. हप्ता भरत होतो म्हणून वसुलीवाला येत नव्हता, आणि मी समजलो कर्जच फिटलं. जन्मभर हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे कळू नये!

लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, ती आपली नव्हे. शुगरवाल्यांचं एलडीएल निदान १०० च्या आत हवं. सोबत बीपी, किडनीचा त्रास किंवा तंबाखू असेल तर ७० च्या आत, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेली असेल तर आणखी खाली. त्यामुळे चाळिशी उलटलेल्या शुगरवाल्याला एलडीएल फार वाढलेलं नसतानाही बहुतेक डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, देतात. शुगरमध्ये ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी एक चरबी) वाढतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. आकडा साधाच दिसतो, पण कणांची संख्या जास्त असते. त्यात नसा बधिर झाल्या असतील तर हार्ट अटॅकची कळसुद्धा नीट येत नाही.

आता चटणी. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. वनस्पतीतून आलेल्या कुठल्याच पदार्थात ते सांगण्याएवढं नसतं, त्यामुळे तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं बघून भुलू नका. पामतेलातही कोलेस्टेरॉल नसतंच, पण त्यातली निम्मी चरबी आपल्याला नको त्या जातीची (सॅच्युरेटेड) असते. शेंगदाण्याची चरबी बरी, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी. कडक भाकरीवर चमचाभर कोरडी चटणी मी रोज खातो. वाटीभर चटणीत तेलाची धार सोडून खाणं मात्र सोडलं, आणि खरं सांगतो, अजून जिवावर येतं. डालड्यातली खारी आणि मटणाच्या रश्श्यावरचा तवंग आधी बंद करा. भाकरीही मोजूनच. ज्वारीची असली म्हणून चार खाल्ल्या तर शुगर आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही वर जाणार.

स्टॅटिनने शुगर थोडी वाढू शकते, हे खरं आहे. पण हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा, असं मला डॉक्टरांनी समजावलं आणि पटलं. पोटऱ्या-मांड्या दुखायला लागल्या तर मनाने गोळी बंद करू नका, त्यांना सांगा. डोस किंवा गोळी बदलून मिळते. थायरॉईड तपासलं नसेल तर तेही करून घ्या. ते कमी पडलं तरी एलडीएल वाढतं.

गोळी सुरू केल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी लिपिड, म्हणजे रक्तातल्या या सगळ्या चरब्या, परत तपासा. मी एकदा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, शेतात हुरडा, गूळ, रेवड्या यथेच्छ हाणून दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड्स ४३०! बऱ्याच लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की तो हिशेब धरता येत नाही. पैसे वाया गेले, आठवड्याने पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तुम्ही तपासणीला जाल तेव्हा निदान आदल्या दिवशी हुरडा नको.