बॅरिएट्रिक झाल्यावर गुडघे बदलायचेत, कंपनी म्हणते क्लेम मिळणार नाही

ताई, तुमचा मेल आणि सोबतचे कागद नीट वाचले. नाव-गाव वगळून आधी प्रकरण थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मेडिक्लेम पॉलिसी फेब्रुवारी २०१९ पासून सलग चालू आहे, एकदाही खंड नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायची सर्जरी झाली, गॅस्ट्रिक बायपास, तेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२ होता आणि तो क्लेम जुन्या कंपनीने दिला. फेब्रुवारी २०२२ ला पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे तीच पुढे चालू ठेवून कंपनी बदलली, आणि त्याच वेळी सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, दुप्पट करून घेतला, फॉर्म एजंटने भरला, सही तुमची. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, पण गुडघे दुखायचे काही थांबले नाहीत. आता जून २०२५ मध्ये एक्स-रेत दोन्हीकडे ग्रेड फोर झीज आहे, डॉक्टरांनी नी रिप्लेसमेंट सांगितलंय आणि कंपनीने कॅशलेस नाकारलंय. कारणं दोन दिलीत. संधिवात आधीपासून होता तो तुम्ही लपवला, आणि गुडघ्यांचा त्रास हे लठ्ठपणाच्या सर्जरीचं कॉम्प्लिकेशन आहे म्हणून ते पॉलिसीत बसत नाही.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हॉस्पिटलमधले एक ओळखीचे गृहस्थ 'गुडघेदुखी एक वर्षापासून' असं नवीन सर्टिफिकेट काढून द्यायला तयार आहेत, ते घेऊ का? आणि बॅरिएट्रिकच्या डॉक्टरांवर केस करू का, कारण वजन उतरलं की गुडघे आपोआप बरे होतील असं ते बोलले होते.

पहिल्याचं उत्तर आधी देते कारण त्यात घाई होऊ शकते. ते सर्टिफिकेट घेऊ नका. घेतलं असेल तर कुठेही देऊ नका, कंपनीला नाही, टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीला, तर नाहीच. तुमची केस आज चांगली आहे आणि ती बिघडवायचा मला दिसणारा एकच रस्ता आहे, तो हा.

का ते सांगते. तुमच्या २०२१ च्या डिस्चार्ज कार्डवर, वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत, हाताने लिहिलंय की दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, सहा वर्षांपासून. म्हणजे २०१५ पासून, म्हणजे पहिली पॉलिसी घ्यायच्याही आधीपासून. कंपनीने नेमकी हीच ओळ पकडलीय आणि तुम्हाला वाटतंय की ही ओळ घालवली की काम झालं. पण ताई, आता त्या ओळीला घाबरायचं कारण राहिलेलं नाही. आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, नियम असा आहे की आरोग्य विम्याचं कव्हर सलग ६० महिने चालू राहिलं की त्यानंतर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला पॉलिसी किंवा क्लेम, कशावरच हरकत घेता येत नाही. याला मोरेटोरियम म्हणतात. आधी ही मुदत आठ वर्षं होती, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ती पाच वर्षांवर आली, त्यामुळे तुमच्या जुन्या पुस्तिकेत आठ छापलेलं असेल तर गडबडून जाऊ नका. आणि पोर्ट केलेल्या पॉलिसीत आधीच्या कंपनीतले महिनेही धरले जातात. फेब्रुवारी २०१९ पासून मोजा, फेब्रुवारी २०२४ ला तुमचे ६० महिने भरले.

आता या नियमाला अपवाद एकच आहे, तो म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक. नुसता संशय नाही, कंपनीने सिद्ध करून दाखवायची. आज त्यांच्याकडे तसं काही नाहीये. एजंटने एका रकान्यात 'नाही' लिहिलं एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. पण उद्या तुम्ही 'एक वर्षापासून'वालं सर्टिफिकेट दिलंत आणि शेजारी २०२१ चं कार्ड ठेवलं गेलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांना तो अपवाद देऊन बसाल, वर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि खोट्या दस्तऐवजांची कलमं आहेतच, आणि ज्या डॉक्टरची सही त्यावर असेल त्याचं रजिस्ट्रेशनही धोक्यात. जुन्या नोंदीत खरंच चूक असेल तर ती दुरुस्त करता येते, त्याच डॉक्टरांनी कारण लिहून, त्या दिवसाची तारीख घालून, सहीनिशी. पण तुमच्याकडे तशी चूक नाहीये, तुम्हीच मेलमध्ये लिहिलंय की २०१५ पासून जिना चढताना त्रास व्हायचा.

अजून एक बघा, हे मला तुमच्या कागदात सगळ्यात मोलाचं वाटलं. कंपनीची दोन कारणं एकमेकांशीच भांडतायत. दुखणं २०१५ पासूनचं असेल तर ते २०२१ च्या सर्जरीचं कॉम्प्लिकेशन कसं होईल? आणि २०२१ च्या सर्जरीने झालं असेल तर २०१९ ला तुम्ही लपवलं काय? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तुम्ही 'एक वर्षापासून' म्हणालात की हे भांडण मिटतं आणि तुमच्यासाठी इकडे आड तिकडे विहीर होते, दुखणं नवीन म्हणाल तर कॉम्प्लिकेशन, जुनं म्हणाल तर खोटं सर्टिफिकेट. म्हणून सरळ खरं सांगायचं, हो, गुडघे आधीपासून झिजत होते, आणि हो, माझे ६० महिने पूर्ण झालेत.

कॉम्प्लिकेशनच्या मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण मोरेटोरियम झालं तरी पॉलिसीतल्या कायमच्या वगळणुका, सब-लिमिट (ठराविक उपचाराला ठराविक मर्यादा), को-पे (बिलातला तुम्ही भरायचा वाटा) हे सगळं लागू राहतं आणि कंपनी शेवटी तिथेच जाणार. त्यांनी एक्सक्लूजन, म्हणजे वगळणुकीचा, कोड ०६ लिहिलाय. तो कोड लठ्ठपणाच्या सर्जिकल उपचारांच्या खर्चाबद्दल आहे, आणि तोही अटी पूर्ण होत नसतील तेव्हाच, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय प्रोटोकॉल, वय १८ किंवा त्याहून जास्त, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत गंभीर आजार. तुमचा ४२ होता, म्हणून तर तेव्हा क्लेम मिळाला. आणि आता तुम्ही मागताय तो खर्च गुडघ्याचा आहे, लठ्ठपणाचा नाहीच. वगळणुकीच्या कलमाचा अर्थ लावताना संदिग्धता असेल तर तो विमेदाराच्या बाजूने लावायचा हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय.

तरी कंपनीचे डॉक्टर लिहू शकतात की बायपासनंतर व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम कमी पडतं, हाडांची घनता उतरते, वजन भराभर उतरताना काहींना गाऊटचा अटॅकही येतो, आणि हे खरं आहे. म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून एक पत्र घ्या, त्यात स्पष्ट असावं की हा प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे, कूर्चा झिजलीय, ग्रेड अमुक, आणि सर्जरीच्या आधीच्या एक्स-रेतही झीज दिसत होती. तो २०२१ च्या आधीचा एक्स-रे शोधाच, कपाटाच्या वर, गादीखाली, जिथे ठेवला असेल तिथे. जे जुनं दुखणं तुम्ही लपवायला बघत होतात त्याचाच पुरावा तुमच्या कामाचा आहे.

त्याच पत्रात अजून एक गोष्ट मागून घ्या. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या पेशंटला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या टाळायला सांगतात कारण जोडलेल्या जागी अल्सर होतो. म्हणजे बाकीचे लोक जसे गोळ्यांवर वर्ष-दोन वर्षं काढतात तसं तुम्हाला काढता येत नाही. 'अजून गोळ्यांवर चालू शकेल, ऑपरेशनची गरज नाही' असं कंपनी म्हणू शकते, त्याला हे उत्तर आहे आणि ते डॉक्टरांनी लिहिलेलं हवं, तुम्ही सांगून उपयोग नाही.

आता कमकुवत बाजू. पोर्ट करताना जी रक्कम वाढवली त्या वाढीव भागाचे ६० महिने फेब्रुवारी २०२२ पासून मोजले जातात, म्हणजे तो भाग फेब्रुवारी २०२७ पर्यंत उघडा आहे. कंपनी त्यावर भांडेल. वेटिंग पीरियडची, म्हणजे जुन्या आजारांना कव्हर सुरू होईपर्यंतच्या काळाची, कमाल मर्यादा आता ३६ महिने आहे, तो वाढीव रकमेलाही भरलेला दिसतोय, शेड्यूलवर एकदा खात्री करा, पण माहिती न दिल्याचा आरोप तिथे अंगावर येतो. एजंटने भरलं हा बचाव फार टिकत नाही, सही तुमची आहे आणि महत्त्वाची माहिती सांगणं ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी असं सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात म्हटलंय. तुमच्या बाजूने एक आहे, पोर्ट होताना जुनी कंपनी नवीन कंपनीला क्लेमचा इतिहास कळवते, त्यात बॅरिएट्रिकचा क्लेम असणारच. जे कंपनीच्या समोर होतं ते बघूनही तिने पॉलिसी दिली असेल तर नंतर त्याच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, २०२१ च्या मनमोहन नंदा निकालाचा रोख हाच आहे. बायपासपुरतं हे चालेल, गुडघ्यांसाठी पूर्ण चालेलच असं नाही. म्हणून कंपनीला लिहिताना दोन मागण्या वेगळ्या करा, मूळ सम इन्शुअर्डपुरता क्लेम विनाअट, आणि वाढीव रकमेवरही क्लेम. सगळं एकत्र घातलंत तर वाढीव भागाच्या वादात मूळ भागही लटकेल.

पहिलं पत्र कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, ईमेलवर, आणि त्यात मागा की नकार पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली आहे आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीने तो मंजूर केलाय का. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार त्या कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तुमच्या पत्रावर फक्त टीपीएचा शिक्का आहे. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची, प्रत पण त्यातच मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ओम्बड्समन. नकाराच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही, नाही पटला तर ग्राहक आयोग उघडा आहे. उलटं मात्र होत नाही, आधी ग्राहक आयोगात गेलात तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेणार नाही, म्हणून क्रम हाच ठेवा.

आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. दुखणं सहन होत नसेल आणि पैशांची सोय होत असेल तर ऑपरेशन करून रिइम्बर्समेंट, म्हणजे आधी स्वतः भरलेल्या बिलाचे पैसे, मागता येतं. ॲडमिट व्हायच्या आधी कंपनीला लेखी कळवा, ओरिजिनल बिलं, इम्प्लांटचे स्टिकर, ऑपरेशन नोट्स सगळं सांभाळा. स्टिकर फार जण हॉस्पिटलच्या फाइलीतच सोडून येतात आणि मग क्लेममध्ये त्याचीच क्वेरी निघते.

राहिले बॅरिएट्रिकचे डॉक्टर. तुमचा राग मला कळतो, एवढं मोठं ऑपरेशन सोसून पुन्हा दुसरं समोर आलंय. पण केस करू नका असं माझं मत आहे. वजन एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, त्यामुळे बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं आणि काहींचं गुडघ्याचं ऑपरेशन टळतंही, डॉक्टर जे बोलले त्याला आधार होता. पण झिजलेली कूर्चा वजन उतरल्याने परत येत नाही. अपेक्षित फायदा झाला नाही म्हणजे निष्काळजीपणा होत नाही, उपचाराची पद्धत चुकली किंवा संमती घेताना महत्त्वाचं सांगितलंच नाही हे दाखवावं लागतं, आणि तुमच्या संमतीपत्रावर सांधेदुखी पूर्ण जाईल असं कुठेही नाही. फौजदारीचा विचार तर सोडूनच द्या, त्यासाठी ढळढळीत निष्काळजीपणा लागतो हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आहे. शिवाय ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, विलंब माफीचा अर्ज करता येतो पण सबळ कारण लागतं.

आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे हेच डॉक्टर तुम्हाला लागणार आहेत. बायपास नोव्हेंबर २०२१ चा, हॉस्पिटलवर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच ठेवायचं बंधन आहे, ते २०२४ लाच संपलं. फाइल अजून असेल तर लगेच लेखी अर्ज करून प्रत घ्या, अर्जानंतर ७२ तासांत द्यावी लागते. नसेल तर जुन्या कंपनीकडे क्लेमचे कागद मागा. बीएमआय ४२, सर्जरीआधीची गुडघ्यांची नोंद आणि पेनकिलर टाळायची सूचना, हे तिन्ही त्या फाइलीत असेल. गुडघ्यांच्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन, आयर्न, व्हिटॅमिन डी, प्रोटीनचे रिपोर्ट बायपासच्या पेशंटचे मुद्दाम बघतात, त्यासाठीही त्याच डॉक्टरांचा सल्ला लागेल.

ग्रीव्हन्सच्या ईमेलचा मसुदा तुम्ही लिहा, तुमच्या शब्दांत, तारखांसकट, आणि पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा. त्यात २०१५ लिहायला विसरू नका.