अनित्य म्हणून रडायचंही नाही का?

ताई,

जळगावकडच्या यावल तालुक्यातलं तुमच्या माहेरचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडून भाऊ स्लॅबचं बांधतोय. वडील आता नाहीत. फोनवर तुम्हाला रडू आलं, तर तो म्हणाला, "रोज वंदना म्हणतेस ना? सगळं अनित्य आहे, मग एवढं काय?" तेव्हापासून तुम्हाला वाटतंय, आपल्याला धम्म कळलाच नाही.

कळलाय. भावाने मात्र तो सोयीपुरता घेतलाय. बुद्धाच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात त्याचा अंत जवळ आल्यावर त्याचा शिष्य आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात. प्रिय ते सगळं सुटणारच, हे तर सांगतातच. पण लगेच त्याने इतकी वर्षं मायेने केलेल्या सेवेचं कौतुकही करतात. ज्याला रोज अनित्यता ऐकायला मिळाली, तोच रडला, आणि त्याला कुणी नापास केलं नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात पहुडलेल्या भव्य बुद्धमूर्तीखाली शोक करणारी माणसं कोरलीत. भावाला एकदा घेऊन जा, जळगावहून लांब नाही.

आता तुमच्याकडे वळते. "पूर्वी सगळं किती छान होतं," असं तुम्ही लिहिता. तुमच्याच पत्रात आहे की पावसाळ्याआधी वडील धाब्यावर खारी माती टाकायचे, तरी घर गळायचं आणि आई रात्रभर पातेली सरकवत बसायची. तुम्हाला आठवतो तो बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी शिजवलेला, गरम घाटा, वरून तेल घातलेला, आणि उन्हाळ्यात धाब्यावर झोपणं. दोन्ही खरं. पण घाटा खाणारी तुम्ही होतात, पहाटे उठून तो घोटणारी आई. तिला आज काय हवंय, हे चार पानी पत्रात कुठेच नाही. कदाचित तिला न गळणारं छप्पर आणि घरातच संडास हवा असेल. विचारा तरी.

पाडकाम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आहे म्हणता. मग आखाजीला जा. सण कुणाचा का असेना, आपल्याकडे लेकी त्या दिवसांत माहेरी येतातच. एक रात्र आईजवळ धाब्यावर झोपा. घरातली एखादी सागाची चौकट नव्या घरात बसवायला सांगा. सुतार बसवून देईल, भाऊ नाही म्हणणार नाही. रडू आलं तर त्याच्यासमोरच रडा. वडील त्याचेही होते, त्याचंही काहीतरी अडकलेलं असेल. बायका फोनवर रडतात, पुरुष जेसीबी बोलावतात, एवढाच फरक असतो कधीकधी.

राहिला त्याने पाठवलेला हक्कसोडपत्राचा कागद. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि वारस तुम्ही तिघेच असाल, तर वडिलांच्या घरात आई, भाऊ आणि तुमचा वाटा सारखाच. वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण आधी वकिलाला दाखवा आणि "सगळं अनित्य आहे" म्हणून सही करू नका.